विडा सोडलेली वर्षे

माणगाव, ९ जानेवारी १९३७

अण्णा,

आज कचेरीत दिवसभर नकला केल्या. दुपारी एक नवा उमेदवार आला, तोही बी. ए. झालेला. साहेबांनी त्याला माझ्या शेजारी बसवले. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "इथे पदवीचा काय उपयोग होतो?" मी म्हणालो, "अक्षर चांगले लागते." तो हसला. मला हसू आले नाही. घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावेसे वाटते आहे.

मी मुंबईला कॉलेजात निघालो त्या सकाळी तुम्ही देवापुढे उभे राहून विडा सोडलात. मुलगा पदवीधर होईपर्यंत पानसुपारी तोंडात घालणार नाही, म्हणालात. घराभोवती सगळी सुपारीची वाडी, ओटीवर येईल त्याच्यासाठी तुम्ही सुपारी कातरणार, आणि स्वतः मात्र कोरडे बसणार. शेजारचे काका चिडवायचे, "अण्णा, पोरगा बी. ए. होईपर्यंत तुमचे दात राहायचे नाहीत." तुम्ही म्हणायचात, "मग कुटून खाईन. तुम्ही आधी हनुवटी पुसा, रंग ओघळतोय."

कॉलेजात मी इतिहास आणि अर्थशास्त्र घेतले. प्राध्यापक टिपणे सांगत, आम्ही उतरवून घेत असू. विलायतेतल्या धान्याच्या व्यापाराचे कायदे मी पाठ केले. आपली सुपारी पुढे कुठे जाते ते मला आजही नीट सांगता येत नाही. इंटरला नापास झालो तेव्हा सगळे सोडून वाडी बघावी असे फार वाटले. सुट्टीत ते सांगायला तुमच्यापाशी येऊन बसलो, तर तुम्ही पाहुण्यांसाठी सुपारी कातरत होता. अडकित्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "माझे काही अडलेले नाही. तुझे सावकाश होऊ दे." त्यानंतर परत येतो म्हणणे मला शक्यच नव्हते. पुढे बी. ए.लाही एकदा नापास झालो. तेव्हा तुम्ही पत्रात फक्त विहिरीला पाणी किती आहे ते लिहिलेत.

पास झाल्याचा निकालही तुम्हाला पुरला नाही. पदवीचा कागद डोळ्यांनी पाहायचा होता. पदवीदान ऐन पावसाळ्यात, बोटी बंद, तुम्हाला येता आले नाही. बोटी सुरू झाल्यावर मी कागद घेऊन आलो. आईने विडा खलात कुटून तुमच्या हातावर ठेवला, कारण तोवर तुमच्या दाढा पडल्या होत्या. तुम्ही तो तोंडात धरून बसला आहात, मी समोर आहे. आई विचारते, "लागतो का?" तुम्ही मान हलवता, उठून परसात जाता, आणि चूळ भरल्याचा आवाज येतो. पुढे देवाघरी गेलात तोपर्यंत तुम्ही पुन्हा कधी विडा मागितला नाहीत.

हे कुठे पाठवायचे नाही म्हणून लिहितो. पदवीदानाच्या दिवशी झगा घालून रांगेत उभा होतो तेव्हा मी फार आनंदात होतो, अण्णा. तुमची आठवणही झाली नाही. त्या सगळ्या वर्षांतला तेवढाच एक दिवस मला माझा वाटला.

आता भूक लागली आहे. तांदूळ निवडून भात टाकतो.