मंगलची कॉइल

१० नोव्हें.
टेस्ला कॉइलचं मोठं वाइंडिंग सुरू. पीव्हीसी पाइपवर एनॅमल वायर, वेढ्याला वेढा चिकटून. मी हँडल फिरवतो, मंगल वायर धरते. आयुष्यभर साड्यांना फॉल लावले तिने, तिच्या बोटांवर माझा डोळे झाकून विश्वास. मोजणी जपमाळेवर, ही तिची आज्ञा. एक वेढा, एक राम. "डाव्या हातात माळ?" "उजव्यात हँडल आहे." "बरं. देव समजून घेईल."
मेरुमणी ओलांडायचा नसतो म्हणून माळ उलटी फिरवली, आणि त्या नादात हँडलही उलटं! वायरचा गुंता. मंगल डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हडपसरच्या कंपनीत मेंटेनन्स सांभाळला तो हाच माणूस का, म्हणे.

१६ नोव्हें.
वाइंडिंग पूर्ण, वॉर्निश दिलं. गच्चीच्या दारावर सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी: "गच्ची वाळवणासाठी आहे. वीज पाडायची असल्यास स्वतःच्या बंगल्यात पाडावी." मंगलने खाली लिहिलं: "बंगला मिळेपर्यंत येथेच."
लग्नानंतर एका विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो. टेस्ला कॉइलजवळ तिने हातात ट्यूबलाइट धरली. वायर नाही, काही नाही, तरी पेटली. तेव्हापासून एकच, "अशी एक आपल्या घरी करा." रिटायर झाल्यावर करू, म्हणत आलो. तिने हट्टाने दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

२ डिसें.
भाजी निवडता निवडता मंगल चक्कर येऊन आडवी झाली. रिक्षा, हॉस्पिटल. नाडी फार मंद. पेसमेकर बसवायचा म्हणतात. कॉइलचं आज…

५ डिसें.
बसवला. नीट आहे. शुद्धीवर येताच विचारते, "वॉर्निश वाळलं का?"

११ डिसें.
घरी सोडलं. डॉक्टरांच्या सूचना: मोबाइल छातीजवळ नको, वेल्डिंगजवळ नको, मोठ्या चुंबकाजवळ नको. मी खाली मान घालून बसलो. पुढचं मला ठाऊक होतं. मंगलनेच विचारलं, "आणि टेस्ला कॉइल?" डॉक्टर हसले. आम्ही हसलो नाही, तेव्हा थांबले. "नाही काकू. अजिबात जवळ जायचं नाही. पेसमेकर गोंधळला तर काय कराल?"


२० डिसें.
कॉइल सुटी करायला घेतली. मंगल दारात. "वाइंडिंगला हात लावायचा नाही. ते माझं आहे." म्हटलं, तू नसताना चालवून काय करू? "चालवा. माझ्याशिवाय राहायची सवय लावून घ्या."
असं बोलू नये. फार लागलं. आत जाऊन उगाच घासलेली भांडी पुन्हा घासत बसलो.

९ जाने.
शेवटी तिच्या हट्टापुढे हात टेकले. उरलेली जोडणी केली, आज गच्चीवर टेस्ट. मंगल सदाशिव पेठेत धाकट्या बहिणीकडे, शालिनीकडे. व्हिडिओ कॉल लावून मोबाइल कठड्यावर ठेवला. दिवेलागणीला स्विच दाबला. वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्यातून जांभळ्या ठिणग्या, कानठळ्या बसवणारा कडकडाट. हातातली ट्यूब पेटली. ओरडलो, "दिसतंय का गं?" "दिसलं हो, दिसलं!"
इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. ट्यूब तिच्या हातात हवी होती.

१० जाने.
शालिनीचा फोन. "भावोजी, तुम्हाला सांगू नको म्हणाली, पण सांगते. आमच्याकडे काहीच दिसलं नाही. कडकडाट सुरू होताच चित्र गेलं, नुसती खरखर. ताई तरी टाळ्या वाजवत होती."
मंगलला म्हटलं, लांबून शूटिंग करून आणतो. "व्हिडिओच बघायचे तर मोबाइलवर ढिगाने आहेत. मला आपली बघायचीय." रडली. मग मीही.

१४ जाने.
तिळगूळ द्यायला समोरच्या बिल्डिंगमध्ये गेली, येताना तिथली गच्ची बघून आली. "रस्त्यापलीकडे आहे. मी तिथून बघते. ट्यूब तुम्ही धरा."
पेसमेकर तपासणाऱ्या टेक्निशियनला फोन केला, किती अंतर चालेल? "काका, घरी बनवलेल्या मशीनचं अंतर कोण सांगणार? मी तर नाही सांगणार."
गणित मांडलं. ठीक येतं. पण गणित माझं आहे आणि जीव तिचा. मंगलला अजून काही बोललो नाही.

१५ जाने.
सकाळी चहा देताना म्हणाली, "काय ठरलं?" म्हटलं, संध्याकाळी सांगतो.
हो म्हटलं तर आजच समोर जाऊन उभी राहील. नाही म्हटलं तर पुन्हा कधी विचारणार नाही, ओळखतो मी तिला. दोन्हींची भीती वाटते.
ऊन उतरलं. आत ती केस विंचरतेय. बाहेर जायची साडी नेसली आहे.