आजीच्या खोलीत बांबू

घाटंजी, ९ एप्रिल

ती. वामनदादास,
शि. सा. न. वि. वि.
सुरभी इंटिरियरचं शिकून आली अन् पहिलं काम घरचंच काढलं: आजीच्या खोलीत बांबूची फरशी. सासूबाई टाइल्सवरून घसरल्या, तेव्हापासून पोरीचा हाच ध्यास. हे म्हणतात, एक उन्हाळा टिकली तर ठीक. नाहीतर उखडून टाइल्स, अन् पोरीनं मुकाट्यानं बी.एड. करावं. बांबू टिकते काय, सांग.
तुझी,
कौसल्या

दिग्रस, १४ एप्रिल

सौ. कौसल्येस अनेक आशीर्वाद.
फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. बांबू शास्त्रतः गवत. कापला की त्याच बेटातून पुन्हा फुटतो. सागासारखी तोडणीसाठी नातवंडं मोठी होण्याची वाट पाहावी लागत नाही. पट्ट्या कुठून येतात, गोंद कसला, एवढं सुरभीने विचारावं. चांगला दाबलेला बांबू वर्षानुवर्षे टिकतो. वैरी एकच, साचलेलं पाणी. घनश्यामराव तिरडीचा विषय काढतीलच. त्यांना सांग, तुमच्या लग्नाच्या मांडवालाही बांबूच होता, आणि तो प्रसंग त्यांनी निभावून नेला.
आशीर्वाद कमी पडले तर कळव.
वामन

घाटंजी, २० मे

ती. दादास सा. न.
घात झाला! फरशी बसली, सासूबाई खूश. पण परवा ऊन असं तापलं की त्यांनी जन्माच्या सवयीनं बादलीभर पाणी फरशीवर ओतलं अन् ओल्यातच पदर पसरून झोपल्या. उठल्या तर तीन पट्ट्या फुगलेल्या. हे लगेच टाइल्सचे नमुने घेऊन आले. सुरभी दार लावून बसली आहे. काय करू?
कौसल्या

दिग्रस, २४ मे

सौ. कौसल्येस आशीर्वाद.
वऱ्हाडी माणूस वैशाखात फरशीला आंघोळ घालतो, हे मी संस्कृत शिकवता शिकवता विसरलो, दोष माझा. तीन पट्ट्या बदलता येतात. पण तुम्ही घनश्यामरावांना विचारलंत, मला विचारलंत. ज्यांचे पाय त्या फरशीवर पडतात, त्या तुझ्या सासूबाई तानाबाईंना कोणी विचारलं?
वामन

घाटंजी, २ जून

ती. दादास सा. न.
विचारलं. सासूबाई यांच्यावरच उखडल्या. म्हणे, पाणी म्या ओतलं, फरशीनं नाही. तिले काहून उखडता? हिच्यावर पाय घसरत नाही, गुडघे ठणकत नाहीत. टाइल्स पाहिजे त्यानं आपल्या खोलीत लावाव्या. नमुने परत गेले, पट्ट्या बदलल्या, पोरगी आता पुसदला एका डॉक्टरांच्या घरच्या फरशीचं काम पाहायला जाते.
सासूबाई आता पाणी न ओतता खाटेवर झोपतात. हे बाहेरून पाय धुऊन आले की उंबऱ्यावर बगळ्यासारखे एका पायावर उभे राहून दुसरा पुसतात. मग सुरभी दोन्ही तळवे तपासते, अन् आत सोडते.
तुझा लोभ दिग्रसहून इथवर पोचतो, तो असाच पोचत राहो.
कौसल्या