हातात सूप, पायात बॉल

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एका घरात वाढलो, पुढं शेजारशेजारच्या दारांत संसार केले, पत्र लागलंच कशाला? पण तुला जाऊन आठ महिने झाले आणि आज दुपारी वहिनींनी मला असं काही ऐकवलं, की त्याचं उत्तर तुलाच द्यायला हवं. शाळा सुटलीय. खेळाच्या खोलीत एकटाच बसून लिहितोय. फार दमलोय रे.

मुलींचा फुटबॉलचा संघ बंद करावा, असा अर्ज मी लिहून ठेवलाय. सोमवारी मुख्याध्यापकांना द्यायचा. तुझ्या वेळी अठरा मुली होत्या, आता सात उरल्यात. सातजणींत कुणाला पुढं उभं करू आणि कुणाला मागं? रोज सकाळी सात वाजता शिट्टी वाजवतो आणि वाटेकडं बघत उभा राहतो. तेच करून करून आता माझ्यात जोर राहिला नाही.

तू कधी कुठला कोर्स केला नाहीस. पुण्यात एका खानावळीत भांडी घासलीस, समोरच्या मैदानावर पोरं खेळायची ती बघत राहिलास, आणि गावी परतल्यावर तेवढ्या भांडवलावर भाताच्या खाचरात मुलींना शिकवायला लागलास. पी.टी.चा मास्तर मी, मस्टरवर नाव माझं, आणि मुली विचारायच्या, "दादा सर कुठं हायेत?" थोडी पोटदुखी तेव्हापासूनच होती माझी. आता लपवून काय करू?

तुझे सराव तरी कसले! हातभर रुंदीच्या बांधावरून बॉल पायाशी ठेवून चालायचं, आणि बॉल खाली गेला की जिचा तिनं चिखलात उतरून आणायचा. तुझ्या गोठ्याच्या ओबडधोबड दगडी भिंतीवर बॉल मारायचा आणि येईल तिथं अडवायचा. तो कुठून परत येईल हे भिंतीलाही माहीत नसायचं. लावणीच्या आधी चिखलणी केलेल्या खाचरात तू त्यांना पळवायचास. चिखलात बॉल नुसता ढकलला तर रुतून बसतो, खालून पाय घालून उचलावाच लागतो. पंधरा दिवसांत पासली गावच्या दोघी असे उंच पास द्यायला लागल्या, की मी बघतच राहिलो होतो. तुला मात्र एका शब्दानं बोललो नाही.

आणि ते सूप. प्रत्येकीच्या हातात घरून आणलेलं सूप, त्यात ओंजळभर तांदूळ. दोन्ही हातांनी पाखडत पाखडत, पायानं बॉल घेऊन खाचराच्या पाच फेऱ्या. सुपामुळं पाय दिसत नाहीत, म्हणून नजर समोर राहते, एवढंच मला त्यातलं कळलं होतं. पहिल्या दिवशी निम्मा तांदूळ खाचरात आणि गावातल्या कोंबड्या तुझ्या मागं. पण महिन्याभरानं एक दाणा सांडत नव्हता. मग तू काय करायचास, तर मुलगी पळत असतानाच तिच्या हातातलं सूप अलगद काढून घ्यायचास. ती तशीच पळत राहायची, हात तसेच मोकळे, कोपर अंगापासून सुटलेले. मी हे कितीदा तरी बघितलं. बघून काय उपयोग?

मग मी पुण्याला दहा दिवसांचा कोर्स केला. नारंगी प्लॅस्टिकचे कोन आणले, जमिनीवर अंथरायची दोरीची शिडी आणली. तू एक कोन उचलून डोक्यावर धरलास आणि म्हणालास, "दिल्या, ही टोपी कुनाच्या लग्नात घालायची?" मुली हसल्या. मला ते लागलं. माझं शिकणं तुला टोपीएवढं वाटलं का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

भोरच्या स्पर्धेत तू मॅचआधी मुलींना सूप घेऊन पळवलंस. बाजूला दुसऱ्या शाळांचे मास्तर उभे होते. एकजण मला म्हणाला, "सर, पोरी खेळायला आणल्यात की भात पाखडायला?" सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी आपण जिंकलो होतो, दोन गोल वैष्णवीच्या डाव्या पायाचे होते, पण नसरापूरपर्यंत टेम्पोत माझ्या डोक्यात ते हसणंच घुमत होतं. घरी आल्यावर ओट्यावर मी तुला म्हणालो, "दादा, ही सर्कस बंद कर. उद्यापासून सराव शाळेच्या मैदानावर होईल. तू येऊ नको."

तू म्हणालास, "बरं."

एवढंच? भांडायचं होतंस. लहानपणी विटी-दांडूच्या डावावरून माझं डोकं फोडलं होतंस तू, मग इथंच एवढा शहाणपणा कुठून आला? तू भांडला असतास तर मी तुझी सगळी विद्या तुझ्या तोंडून काढून घेतली असती. तुझ्या त्या 'बरं'चा मला अजून राग येतो.

मुलींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, दादा सरांची तब्येत बरी नसते, डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलीय. खोटं माझं, पण ते तू निभावलंस. वाटेत मुली भेटल्या की छातीवर हात ठेवून खोकून दाखवायचास. वर्षभर खोकलास. मग एका सकाळी छातीत कळ येऊन खरोखरच गेलास, आणि मुलींना वाटलं जुनंच दुखणं होतं. मला ते सोयीचं पडलं.

तुला घरी बसवल्यापासून माझ्या सरावात एक गोष्ट मला कधी सुधारता आली नाही. मुलींचे हात. आठवी-नववीत गेलेली मुलगी पळायला लागली की एक हात खांद्याकडं जायचा, नाहीतर टी-शर्ट मागून पुढून ओढत राहायचा. खांदे आत वळलेले, तोल गेलेला, बॉल आला की पाय गडबडायचा. मी ओरडायचो, "हात सोड! खांदे मागं घे!" रोज, सगळ्यांसमोर, मैदानाच्या कडेला मुलं उभी असताना. आणि त्यातली एकेक यायची बंद व्हायची. गेल्या आठवड्यात वैष्णवी म्हणाली, "सर, मला नगं आता." का, तर मान खाली. मी समजलो घरचे सोडत नसतील.

आज दुपारी बॉलची जाळी न्यायला वहिनींकडं गेलो. बॉल अजून तुमच्याच पडवीत आहेत. वहिनी तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"बंद करताय म्हनं, भावजी?"

"मुली येत नाहीत, वहिनी. घरचे सोडत नाहीत."

"इचारलं व्हय पोरींना?"

मी बॉलची जाळी खांद्यावर टाकली.

"घरच्यांचं काय घिऊन बसलाय. पोरींना लाज वाटती. वय वाढलं, अंग वाढलं. शाळंत यायचं तर ओढणी, आन् मैदानात ओढणीबिगर पळायचं. हात आपसूक हितं जातो." त्यांनी पाखडता पाखडता मानेनंच खांदा दाखवला. "म्याच ह्यांना म्हनलं हुतं, पोरींच्या हातात सूप द्या. पाखडताना बाईमानसाला कदी लाज वाटती का? हात कामाला लागला की अंगाची याद ऱ्हात न्हाई."

मी विचारलं, "मग दादा मला कधी बोलला का नाही?"

"काय बोलनार? धाकट्या भावाम्होरं पोरींच्या अंगाची गोष्ट काढायची? त्यांनाच लई लाज." आणि वहिनी हसल्या. तू गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

दादा, मी ज्याला सर्कस म्हणालो ते एवढं साधं होतं. तू त्या मुलींना न बोलता, न लाजवता मोकळं करत होतास. आणि मी शिट्टी वाजवून, बोट दाखवून, सगळ्या मैदानाला त्यांच्याकडं बघायला लावत होतो. अकरा मुली मी घालवल्या. घरच्यांनी नाही, मोबाईलनं नाही, मी. वैष्णवीचा तो डावा पाय आता कुठं आणि कधी दिसणार?

मी वहिनींना म्हणालो, सूप पुन्हा सुरू करतो, पण मला ते जमायचं नाही. तुम्ही मैदानावर याल का? त्यांनी तांदळातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाल्या, "यीन की. पन आदी पोरींना खरं सांगायचं. वर्सभर पोरी मला रस्त्यात इचारायच्या, दादा सर बरे हायेत का? आन् धडधाकट मानूस माज्या घरात भिताडाकडं बगत बसल्याला. म्या तरी किती येळ खोटं बोलायचं?"

वहिनींनाही मी यात ओढलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

भीती वाटते. ज्या सात राहिल्यात त्या तुझ्या नावानं राहिल्यात, माझ्या नाही. हे ऐकून त्या उठून गेल्या तर मी त्यांना कुठल्या तोंडानं थांबवू? तरी सांगणार आहे. सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत न जाता आधी मैदानावर जाईन, सातहीजणींना समोर बसवीन आणि म्हणेन, दादा सर आजारी नव्हते, त्यांना मी घरी बसवलं. मग वैष्णवीच्या दारात जाऊन तेच म्हणेन, मग उरलेल्या दहाजणींच्या दारात. कुणी परत येवो न येवो, पुन्हा कुठल्या मुलीला तुझ्या खोकल्याची गोष्ट ऐकावी लागणार नाही.

तुझा,
दिल्या