शुक्रवारचं गाऱ्हाणं

बाबा, तुम्हाला घावणे करता येत होते हे मला या मे महिन्यात कळलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी पंचेचाळीस वर्षांची आहे. तरी ते ऐकून मी मसुऱ्याच्या घराच्या पडवीत, एका हातात फणसाचे गरे घेऊन, नुसती बसून राहिले. सुट्टीवर आलात की तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर मागायचात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून आईला विचारायचात, "जेवण झाला काय?", आणि उत्तर ऐकून परत फिरायचात. तुमचा पाय आत पडलेला मला आठवत नाही.

तुमची पत्रं मात्र आठवतात. बहारीनहून महिन्यातून दोन यायची, आणि प्रत्येकात एक वाक्य हमखास असायचं: शुक्रवारी सुट्टी असते, कपडे धुतो आणि झोपतो. त्या एका वाक्यावरून मी तुमचा शुक्रवार तयार केला होता. एक दोरी, तिच्यावर गोदीतल्या रंगाचे डाग पडलेले शर्ट, खाली लोखंडी खाट, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेले तुम्ही. पुढे मी मोठी झाले, शिकले, परदेशी आले, तरी तो शुक्रवार तसाच राहिला. आजही तो पुसला जात नाही.

तुमच्या बहारीनच्या खोलीतले चाचा आले होते. ऐंशीच्या पुढचे, विजयदुर्गाहून निघून तळेऱ्याला एक आणि कसालला दुसरी अशा दोन गाड्या बदलून, कुणालाही न कळवता. मी आल्याचं त्यांना कुणाकडून तरी समजलं होतं. खुर्चीत टेकल्याबरोबर त्यांनी आईला विचारलं, "वयनी, तेच्या हातचे घावणे तुमी कधी खाल्लात?"

"घावणे?" आई हसलीच. "तेंका साधा पाणी तापवूक येय नव्हता."

"जाळी अशी पडायची, ईदीचो चांद बघून घेवचो तेच्यातसून."

मग चाचा सांगत सुटले. शुक्रवारी सकाळी तुम्ही डोक्याला तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून बाजारात जायचात. मासे निवडताना विकणाऱ्याशी मालवणीत भांडायचात, आणि त्याला एक अक्षर कळत नसताना तो तुम्हाला हसून चांगला बांगडा काढून द्यायचा. खोलीतल्या आठही जणांसाठी तुम्ही रांधायचात. जेवण झालं की गोदीतल्या मुकादमाची नक्कल करायचात, चालण्यासकट. चाचांनी ती नक्कल करून दाखवली, म्हणजे तुम्ही केलेली नक्कल. आई पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. माझ्या वडिलांना लोक हसत होते, आणि ते त्यांना हवं होतं, एवढंच मनात घोळत राहिलं. घरी तुम्ही दोन वर्षांनी पाहुण्यासारखे यायचात आणि पाहुण्यासारखेच बसायचात.

"पण मी जुम्म्याची नमाज पढान येयसर कोणाच्या ताटात वाढूक देय नसा," चाचा म्हणाले. "म्हणायचो, ह्यो येवंदे, व्हय म्हणाक मोठो आवाज होयो."

कारण जेवणाआधी तुम्ही गाऱ्हाणं घालायचात. देवळात घालतात तसंच, एकाने देवापुढे मागायचं आणि प्रत्येक मागण्यापाठोपाठ बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणून ते पक्कं करायचं. तुमच्याकडे देवाचा एक छोटा फोटो होता, तो खिडकीत ठेवायचात. चाचांना ते सगळं पाठ होतं. डोळे मिटून, तुमच्या आवाजाची पट्टी धरून त्यांनी म्हणून दाखवलं. बा देवा महाराजा, आज तुझी लेकरां एकठय जमली आसत, तेंका संभाळून घे. व्हय महाराजा. घराकडे बायका-पोरांक सुखी ठेव. व्हय महाराजा. आणि महाराजा, माझ्या चेडवाक माझी याद येवची नाय असा कर, निरोप देताना तेचा रडणा थांबव.

तुमचं चेडू, तुमची मुलगी, म्हणजे मी. शेवटचं "व्हय महाराजा" चाचा म्हणाले नाहीत. डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाले, "माका तवा पोरा नाय होती गो. इचार केलंय नाय. सगळ्यांत मोठ्यान मीच व्हय म्हटलंय." हे सांगायला ते दोन गाड्या बदलून आले होते.

मला कसालचा स्टँड आठवला. मी दहा वर्षांची, तुमच्या पँटचा पाय धरून रडतेय, गाडी चालू आहे, कंडक्टर ओरडतोय, आणि तुम्ही सगळ्या लोकांदेखत माझी बोटं एकेक करून सोडवताय. "रडतस कित्या गो? बापूस काय मराक जाता?" तुमचा तो आवाज मी फार वर्षं जपून ठेवला, रागाने. त्या दिवशी ठरवलं की यापुढे तुमच्यासमोर रडायचं नाही. दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा निघालात तेव्हा मी बाहेर आलेच नाही. आई म्हणाली, खेळाक गेला असतला खंय तरी. तुम्ही अंगणातून दोनदा हाक दिलीत, "येतंय गो," आणि गेलात.

ती सुट्टी चाचांच्या लक्षात होती. "तुझो बापूस परत इलो आणि म्हणालो, देवान आयकल्यान. चेडू रडला नाय, भायर पण इला नाय. नवस फेडूक नारळाचो गोड रस नि घावणे केल्यान, सगळ्यांक पोटभर वाढल्यान. आपण मात्र जेवलो नाय. म्हणालो, वासान पोट भरला."

त्यानंतरच्या शुक्रवारी गाऱ्हाण्यातलं ते मागणं गळलं. तुम्ही मागितलेलं तुम्हाला मिळालं होतं.

आई उठली, चहाचे कप गोळा करू लागली. "इतक्या वर्सांत माका एक घावन घालूक नाय तेंनी," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

आता मी परत रॉटरडॅमला आहे. आठवडाभर इस्पितळाच्या प्रयोगशाळेत असते, शनिवार माझा. सकाळी ट्राममध्ये बसून उगीच शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि तिथल्या बाकावर कॉफी पिते. येताना तुर्की दुकानातून बांगडा आणते, खिडकी सताड उघडून तळते आणि ओट्यापाशी उभ्यानेच हाताने खाते. मग रेडिओवर न समजणाऱ्या भाषेतल्या बातम्या लावून भर दुपारी झोपते. फार सुखाची असते ती झोप. आणि आई फोनवर विचारते, शनिवारी काय करतस, तेव्हा मी सांगते, कपडे धुते आणि झोपते. हे वाक्य तुमचं आहे, हे त्या दिवशी चाचा परत निघाल्यावर कळलं. तिकडे आई एकटी वाट बघत असताना आपल्याला इथे बांगडा गोड लागतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तुम्हीही म्हणूनच ते लिहिलं नाहीत का, घरी आमटीत मासा नसताना तुमच्या ताटात होता म्हणून?

आज पहिल्यांदा मी आईला खरं सांगितलं. म्हटलं, घावणे घातले.

"जाळी पडली?"

"नाय. सगळे तव्याकच चिकाटले."

"मगे बापाशीक इचार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणून हा कागद घेतला. विचारायचं एवढंच होतं की पीठ किती पातळ ठेवायचं. पण तो तवा निवतोय आणि माझ्या हातून दुसरंच लिहिलं जातंय. त्या सकाळी मी खेळायला गेले नव्हते. गुरांचा पेंढा ठेवायच्या मांगरात होते, भाऱ्यांमागे, फ्रॉकचा घेर तोंडात कोंबून. तुमच्या दोन्ही हाका मी ऐकल्या. देवाने तुमचं काही ऐकलं नव्हतं, बाबा. तुम्ही उगाच उपाशी राहिलात.