पाठ नसलेली बैठक

१२ जानेवारी, बारामती
शंभूराज आज वडिलांची खुर्ची टेंपोत घालून इंदापूरला, त्याच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. विचारलं नाही. तिच्या जागी स्वतः बनवलेलं स्टूल. पाठ नाही, हात नाहीत, बैठक पुढे उतरती.
दिवाळीत झटका आल्यापासून रामहरींची उजवी बाजू गेलेली. अशा माणसाला हे!
म्हणे टेकून शरीर झोपी जातं. त्याला स्वतःला सावरायला लावलं पाहिजे. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईही त्याच्याच बाजूच्या – फक्त जवळ कुणीतरी हवं, एवढीच अट.
मी म्हटलं, बाप म्हणजे तुझा नमुना नव्हे.

१३ जानेवारी
रामहरी बसले. सोनलने मागून धरलं होतं. सून बिचारी घामाघूम, तेही. मी बाहेर गेले.

१६ जानेवारी
लोणी भापकरहून गोजरवन्सं भावाला बघायला आल्या. उंबऱ्यातच थांबल्या.
“कारखान्यात हेडक्लार्क व्हता माजा भाऊ. त्येला शिपायाच्या स्टुलावर बसवलाय व्हय?”
खरंच आहे. कुठल्याही कचेरीत पाठ हुद्द्याप्रमाणे मिळते. साहेबाची डोक्याच्या वर जाते, कारकुनाची निम्मी. शिपायाला दाराबाहेर स्टूल. रामहरींना हात असलेली खुर्ची मिळाली तेव्हा केस पिकले होते. निवृत्तीच्या दिवशी तीच मागून घरी आणली त्यांनी.
शंभूराज हसला. “आत्या, सगळ्या कचेरीत ताठ एकटा शिपाईच बसतो.”
“मग तू बस की त्येच्यावर. आजारी माणसाला कशाला?”
रामहरी मान खाली घालून होते. ती लाजेने की थकून, कळलं नाही. संताप मात्र माझा होता.

१९ जानेवारी
इंदापूरला जाऊन खुर्ची आणली. शंभूराज आडवा आला नाही.
दोन्ही बाजूंना लोड लावून रामहरींना बसवलं. माणूस पुन्हा माणसासारखा दिसला. वन्संना फोन करून सांगितलं.
दुपारी पाहिलं तर घसरून झोपलेले. तोंड उघडं.

२१ जानेवारी
आज रामहरींनी डाव्या हाताने कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. मी नाही म्हटलं. पुन्हा दाखवलं.
आता तेही त्याच्याच बाजूचे!

२२ जानेवारी
हट्टच धरला, म्हणून बसवलं. चष्मा द्यायला वळले, तेवढ्यात ते उजवीकडे कलले. मी पोहोचले नाही.
त्यांचा उजवा हात पोहोचला. शेजारच्या टेबलावर टेकला. दिवाळीपासून मिटलेला पंजा उघडा.