खोलीतला तिसरा मेंबर

प्रिय सोनल,

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. ‘कशी आहेस’ असं विचारावं तर तू ‘बरी आहे’ म्हणशील, तुझं उत्तर नेहमीचंच. ‘रागावलीस का’ असं विचारावं तर कुणावर, ते मलाच ठरवता येत नाही. म्हणून आधी बातमी सांगते. आपल्या होस्टेलची मीटिंग झाली. विषय काय, तर खोलीत ससा, मासे, लव्हबर्ड असे लहान प्राणी ठेवू द्यायचे की नाही. नूतन मॅडमनी मेसच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायला लावल्या. रेक्टर झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मुलींना काही विचारलं, एरवी त्या फक्त सांगतात. आणि हे सगळं झालं तुझ्या मेंबरमुळे.

मेंबर हे नाव आपण दिलं तेव्हा किती हसलो होतो. आग्रा रोडवर तो पिंजरेवाला बसायचा, कान फाटलेला म्हणून हा ससा कुणी घेत नव्हतं, आणि तू त्याला ओढणीत गुंडाळून आणलास. मॅडमना कळू नये म्हणून आपण फोनवरसुद्धा ‘मेंबर जेवला का’ असंच विचारायचो. मुळ्याचा सगळा पाला गायब झाला की मेसच्या मावशी ओरडायच्या, “मुयाना बठ्ठा पाला कोन लई जास व?” आणि तू ताटात मान घालून बसायचीस. सकाळी त्याच्या लेंड्या झाडून, खोक्यातला कागद बदलून, मग तू अभ्यासाला बसायचीस. ऊन तापायला लागलं तसं खिडकीला ओलं गोणपाट लावलंस, ते त्याच्यासाठी. थंड हवा मलाही लागायची, पण मी तुला तसं कधी म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र आता सारखी आठवते. तू त्याच्याशी तुझ्या घरच्या भाषेत बोलायचीस. किती बोलायचीस ग! मी पलंगावर फार्माकोलॉजीचं पुस्तक उघडून पडलेली असायचे, एक शब्द कळायचा नाही, पण ऐकायला छान वाटायचं. तुझा आवाज वेगळाच व्हायचा. वर्गात तू हजेरीला ‘येस सर’ म्हणायचीस ते पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू जायचं नाही. पहिल्या वर्षी कुणीतरी तुझ्या बोलण्याची नक्कल केली होती, त्यानंतर मेसमध्ये तू कधी मोठ्याने बोलली नाहीस. मला वाटायचं, तुझा स्वभावच तसा असेल.

मग डिंपलचं झालं. शेजारच्या खोलीतली, शिंदखेड्याची डिंपल. तिला दमा आहे हे तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आपण खोली झाडून सगळं तिच्या दाराशी ढकलायचो, त्यात मेंबरचे केस. तिला हॉस्पिटलला नेलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तू जिन्यातच बसून राहिलीस. डॉक्टरांनी जनावर पाळलंय का विचारलं, मॅडमनी खोल्या तपासल्या, आणि आपल्या पलंगाखाली मेंबर सापडला. मॅडमचंही चुकलं असं म्हणता येत नाही. पण तुझ्या वडलांना बोलावून घ्यायची खरंच गरज होती का? वेस्ताकाका ऑफिसच्या दारात उभे होते, चप्पल बाहेर काढून. मॅडम ‘नियम’, ‘जबाबदारी’ असं बरंच बोलल्या, आणि काकांना एवढंच कळलं की आपल्या पोरीमुळे दुसऱ्याची पोर मरता मरता वाचली. ते तुला तुमच्या भाषेत एकच वाक्य बोलले. काय बोलले ते तू मला सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आपण दोघी मेंबरला पिशवीत घालून जळगावच्या बसमध्ये बसलो. पारोळ्यापर्यंत तू पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाहीस. आमच्या घरी काय झालं ते तू पाहिलंसच. पप्पा म्हणाले, धान्याच्या दुकानात ससा म्हणजे नासाडीला आमंत्रणच. आणि दादी हात जोडून म्हणाली, “जीवाला कोंडून ठेवणं पाप आहे, सोडून द्या त्याला.” पुढचं तुला माहीत नाही. तू गेल्यावर दादीने त्याला खरंच मागच्या अंगणात सोडलं. पाचच मिनिटांत भिंतीवर बोका आला. जी दादी गुडघ्यांमुळे देवळात खुर्चीवर बसते, ती काठी घेऊन बोक्यामागे धावली! आता मेंबर तिच्या खोलीत असतो. पिंजऱ्याचं दार ती उघडं ठेवते आणि खोलीचं दार बंद. मला विचारते, “रूपल, आता हा कोंडलेला की सुटा?” मला वाटलं होतं, निदान जीवदयेचं तरी घरात कुणाला नक्की ठाऊक असेल.

मीटिंगमध्ये मी बाजूने बोलले. चांगली तयारी केली होती. घरापासून लांब आलेल्या मुलींना आधार मिळतो, जबाबदारी कळते, तळमजल्यावर वेगळ्या खोल्या ठेवता येतील, शेजारच्या मुलींची संमती घेता येईल. टाळ्या पडल्या. मग डिंपल उठली. म्हणाली, “माझा श्वास अडकला तेव्हा मला आई आठवली नाही, काहीच आठवलं नाही, फक्त खिडकी दिसत होती. संमती घ्याल, पण कुणी नाही म्हणाली तर तिला सगळ्या मिळून वाईट ठरवाल.” सोनल, मी मान डोलवत होते! नुकतंच बाजूने बोललेली मी, आणि तिचंही मला अगदी पटत होतं. नूतन मॅडमनी हात वर करायला सांगितले तेव्हा माझा हात मांडीवरच राहिला, दोन्ही वेळा. खोलीत प्राणी नकोत, असं ठरलं. आधीचाच नियम, आता आमच्या हातांनी.

सगळ्या उठायला लागल्या, खुर्च्या सरकवल्या, आणि डिंपल पुन्हा उभी राहिली. “सशाचं ठरलं,” ती म्हणाली, “पण सोनलचं काय? होळीला गेली ती आलीच नाही. तिला कुणी फोन केला का?” मॅडम पंख्याकडे बघत राहिल्या. दोन तास आम्ही केस, वास, संमती, पिंजरा असं सगळं बोललो. एवढ्या मुलींनी भरलेल्या होस्टेलात एका मुलीला बोलायला ससा का लागला, हे कुणाच्या मनातही आलं नाही. मी तर तुझ्यापासून हातभर अंतरावर झोपायचे. डिंपल नंतर मला म्हणाली, “तिचा आवाज कसा आहे ग? मी कधी ऐकलाच नाही.” मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना.

फोन मी केले होते. कधी लागत नाही, लागला तर तुझा भाऊ विक्रम उचलतो आणि ‘ताई शेतात गेली’ म्हणतो. काल त्यानेच बाजारातून फोन केला. म्हणाला, “बाबा सोमवारी कॉलेजात येणार आहेत, ताईचा दाखला काढायला.” मी विचारलं, ताई काय म्हणते? तो म्हणाला, “ताई काहीच म्हणत नाही.” मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, तिची खाट मी कुणाला दिलेली नाही.

म्हणून हे पत्र. पोस्टात टाकणार नाही, उद्या सकाळच्या बसने मीच घेऊन येते आहे. समोर आले की मी वाद घालायला लागते आणि तू मान खाली घालतेस, म्हणून लिहून आणते. आधी तू वाच, मी बाहेर तुझ्या आईजवळ, सोनीबाईकाकूंजवळ बसेन. तुला न्यायला येते आहे की नुसतं विचारायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला यायचंच नसेल तर ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, तुझ्या भाषेत सांगितलंस तरी चालेल. आणि दचकू नकोस, मी एकटी नाही. डिंपल येते आहे. तिने दम्याचा पंप पर्समध्ये टाकला आणि विचारलं, “त्यांच्याकडे शेळ्या असतील ना?” असतील म्हटलं. “असू दे,” म्हणाली, “मी अंगणात बसेन.”

तुझीच,
रूपल