अंगातला कूलर

२५ मे, सकाळ
नवतपा लागला, उन्हाळ्यातले सर्वात कडक नऊ दिवस. घरात कूलर एकच, तो आजपासून माह्या खोलीत. बायोलॉजीचा मास्तर आहो, 'शरीराचं तापमान' हा धडा लिहायचा आहे, डोकं थंड पाहिजे. बाबाची खोली टिनाची, पण शरीर आपलं आपण सांभाळते. गरम झालं की घाम, घाम वाळला की थंडावा. अंगातच कूलर, तोही बिनाबिजलीचा! बाबाले समजावलं. ते म्हणे, बरं. रजनीनं माठ भरून त्यायच्या खाटेजवळ ठेवला. बायकोले सायन्स कमीच.

२६ मे
बाबाच्या बंडीच्या खिशात कांदा! लू लागू नये म्हणून. मास्तरच्या घरात असला अडाणीपणा? जप्त केला, भाजीत टाकायले सांगतला. रजनीनं भाजीच केली नाही. असो, वजन कमी करायचंच होतं.

२८ मे
४६ डिग्री. बाबा घामानं चिंब. सिस्टम जोरात! माठ खाटेपासून दूर ठेवला, सारखं पाणी पिलं तर शरीर आळशी होते. रजनी म्हणे, एक दिवस तरी कूलर त्यायले द्या. म्हटलं, धडा संपला की देतो. धडा उद्या सुरू.

३० मे, दुपार
जिंकलो! बाबाचा घाम बंद. शरीरानं जुळवून घेतलं. अंग तव्यासारखं तापलं, पण ते वरून. याददाश्तही सुधारली. आई जाऊन किती वर्षं झाली, तरी तिले हाका मारून राहिले, देवका, बैल सावलीत बांध म्हणून. धड्यात टाकतो.

३१ मे
पहाटे रजनीनं बाबाले ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं. मले उठवलंच नाही. चहा पिऊन मी मागून गेलो. डॉक्टरनं विचारलं, घाम कधीपासून बंद? मी ऐटीत सांगतलं, कालपासून. तो म्हणे, घाम बंद म्हणजे शरीर हरलं. डॉक्टर नवीन आहे.
संध्याकाळी बाबा गेले. वय झालंच होतं.

९ जून
दहावा. जाम नदीवर पिंड ठेवला. कावळा झाडावर, पण शिवूनच नाही राहिला. मी हात जोडून सारं कबूल केलं. संत्र्याचा बगीचा विकत नाही, बहिणीले हिस्सा देतो, फोटो मोठा लावतो. ढिम्म! पाहुणे उन्हात भाजून निघाले. मग रजनी पुढं आली, साऱ्यायच्या देखत म्हणे, बाबा, कूलर तुमच्या खोलीत लावते. कावळा लगेच खाली.
तहानला असन.

९ जून, दुपार
बाबाच्या खोलीत कूलर चालू, रिकाम्या खाटेवर वारा. दाराले कुलूप, चावी रजनीच्या कमरेले. माह्या खोलीत भट्टी. पण मले घाम येऊन राहिला. घडीघडी कपाळाले हात लावून पाहतो. येऊन राहिला अजून.